आत्याला बाहेर जायचंय

"आईला वर न्यायचं ठरलंय," दादा फोनवर म्हणाला, आणि माझ्या हातातला चहाचा कप तिथल्या तिथे थांबला.

"वर म्हणजे?"

"अगं, वरच्या मजल्यावर. तू पण ना!"

मी पण ना! ज्याची आई स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या शुश्रूषागृहात आहे, त्याने असलं वाक्य बोलताना जिभेला जरा आवर घालावा. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. मनाने वाईट नाही, पण कुठलीही अवघड गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकून टाकायची त्याची जुनी खोड. उरलेलं अर्धं मी त्याच्या तोंडून ओढून काढलं. आत्या सारखी मुख्य दाराशी जाते, दार वाजवते, 'मला बाहेर जायचंय' म्हणते. अडवलं की चिडते, हात झटकते. हल्ली कपडेही ओले करते. खाली तिला सांभाळणं जमत नाही, म्हणून वरच्या, कुलपाच्या मजल्यावर हलवायचं. दुपारी दादाने जाऊन सही करायची.

"आणि तू करणार?"

"मग काय करू? ते रोज बघतात तिला. त्यांना कळत असेलच ना."

'त्यांना कळत असेलच' या एका वाक्यावर जगात काय काय खपून जातं, ते मला विचारा. माझं कामच ते. मी अशी शुश्रूषागृहं तपासते. औषधं आणि डॉक्टर तपासणारे वेगळे. मी जागा तपासते. विसरत चाललेल्या माणसाला ती जागा मानवते का, हे बघते. फरशी फार चकचकीत असेल तर त्याला ती ओली वाटते आणि तो पाऊलच टाकत नाही. दाराशी काळं पायपुसणं असेल तर तिथे खड्डा दिसतो. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड त्याला दिसतच नाही. आरशात कोणीतरी परका म्हातारा उभा असतो. आणि वरचा, कुलपाचा मजला कसा असतो, तेही मी पुष्कळ पाहिलंय. तिथे गेलेलं माणूस चालणं विसरतं, कारण चालून जायला तिथे कुठे काही नसतं. खाली परत आलेलं कोणी मला आठवत नाही.

आत्याने मला वाढवलंय. माझी आई मला आठवतही नाही इतक्या लवकर गेली, आणि आत्याने दादाच्या शेजारी माझं ताट मांडलं ते कायमचं. ती मुख्याध्यापिका होती. घरातही शाळेतल्यासारखीच बोलायची, शुद्ध, सावकाश, एकही गावंढळ शब्द न काढता. ती बाई दार वाजवून 'मला बाहेर जायचंय' म्हणते आहे, आणि तिला वर नेणार? मला त्या वाक्याचा अर्थ सांगायला कोणी लागत नव्हतं. मला इथून घेऊन चल, असं ती म्हणत होती. आणि ते मला म्हणत होती, याबद्दलही माझ्या मनात शंका नव्हती. मी घरातली मागची खोली रिकामी करून ठेवली आणि निघाले.

नातेवाईक असलेली जागा आपण तपासायची नाही, असा आमच्या कार्यालयाचा नियम आहे. म्हणून मी पाहुणी म्हणून गेले. पर्समध्ये उजेड मोजायचं यंत्र होतं, पण पाहुणीच्या पर्समध्ये काय असावं याबद्दल कोणाचा नियम नाही. आजवर आत्याला मी भेटायचे ते पुढच्या भेटीच्या खोलीत. आतला भाग कधी पाहिला नव्हता. ही जागा दादाने ठरवली तेव्हा मी परगावी होते, आणि तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होतीच.

"या ना, या! केव्हाची वाट बघतेय," संचालिका दारातच म्हणाल्या. गोड आवाज, गोड हसू. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मधाळबाई ठेवलं.

"माझी वाट? मी येणार हे कोणी सांगितलं?"

"तुमच्या दादांनी. म्हणाले, बहीण येईल, आणि ती बारकाईनं बघते."

घ्या. म्हणजे सगळं आवरून, पुसून, झटकून ठेवायला यांना सकाळ मिळालेली. मी आत शिरले ती डोळ्यांत तेल घालूनच.

आणि बोट ठेवायला जागा सापडेना. फरशी मंद रंगाची, न चकाकणारी. मी पर्समधून हळूच यंत्र काढून बघितलं, तर उजेड हवा तितका. भिंतीला हाताशी दांडा, तोही भिंतीपेक्षा गडद. टीव्ही बंद. आरसे झाकलेले. प्रत्येकाच्या खोलीच्या दारावर त्याचा तरुणपणीचा फोटो, कारण म्हातारपणीचा चेहरा ओळखीचा राहत नाही. मुख्य दाराकडे जाणाऱ्या बोळात संडासाचं दार पिवळंधमक, लांबून दिसणारं, त्यावर चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'प्रसाधनगृह'. आत कमोडची बैठक लाल. हे सगळं जसंच्या तसं आमच्या नियमांत आहे. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी मी खूश झाले असते. इथे मात्र जीव आणखीच धास्तावला. इतकं निर्दोष काही असतं का? कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की.

"वरचा मजला बघू?"

"नंतर बघा ना," मधाळबाई म्हणाल्या. "आधी आत्यांना तर भेटा."

हे 'नंतर' मी मनात जपून ठेवलं.

आत्या दिवाणखान्यात खिडकीशी बसली होती, पाठ ताठ. माझा चष्मा आणि पर्स बघून ती उठली. हल्ली वर्षभर ती मला शाळा तपासायला आलेली साहेबीण समजते. तशी ती फार चुकत नाही, पण ते बघायला मला जड जातं.

"नमस्कार. या, बसा," ती म्हणाली. "वर्ग शांत आहे." तिने कोपऱ्यात डुलक्या काढणाऱ्या दोन आजोबांकडे बोट दाखवलं. "ते दोघे मागच्या बाकावरचे. अभ्यासात कच्चे, पण वर्तन चांगलं."

मी हसले. मग वाकून हळूच विचारलं, "आत्या, इथे काही त्रास आहे का? कोणी ओरडतं? मारतं?"

"छे छे. सगळं व्यवस्थित आहे."

मी मधाळबाईंकडे बघितलं. त्या लांब उभ्या होत्या, पण कान इकडेच. आत्याला शिकवून ठेवलंय की काय? मग वाटलं, शिकवायला कशाला हवं. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर आत्याने आयुष्यभर हेच वाक्य म्हटलंय. शाळेचं छप्पर गळत होतं तेव्हासुद्धा. म्हणजे तिच्या तोंडून मला काही कळणार नव्हतं.

आम्ही थोडा वेळ बसलो. तिने मला पटसंख्या सांगितली. मग तिची चुळबूळ सुरू झाली. बोटं मांडीवर फिरायला लागली, पाय हलायला लागले, आणि कपाळावर आठी आली.

"माफ करा," ती उठत म्हणाली. "मला जरा बाहेर जायचंय."

मधाळबाईंनी माझ्याकडे बघितलं. सांगितलं होतं ना, असा चेहरा.

आत्या बोळातून निघाली. पिवळ्या दारावरून पुढे, थेट मुख्य दारापर्यंत. त्या दारावर हिरवी पाटी आहे, आग लागली तर माणसांनी कुठून निघावं ते दाखवणारी. बाण, आणि मोठ्ठ्या अक्षरांत 'बाहेर'. आत्याने पाटीच्या दिशेने बोट धरलं आणि वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचलं, "बाहेर." मग दाराची मूठ फिरवली. दार बंद. मग वाजवलं. एकदा, पुन्हा, मग दोन्ही हातांनी.

एक सेविका धावत आली. "आजी, आत चला ना. आत्ता बाहेर नाही जायचं."

"मला जायलाच हवं," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात जी अजीजी होती, ती मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. माझ्या डोक्यात सणक गेली.

"दार उघडा," मी म्हणाले.

"आत्ता नको," मधाळबाई पुढे आल्या. "एकदा बाहेर गेल्या की मग आत यायला—"

"उघडा म्हणते ना! माणूस आहे की कैदी? मी नेते तिला बागेत. आणि बागेतून कुठे न्यायचं तेही मी बघून घेईन."

त्यांचं हसू पहिल्यांदा मावळलं. पण त्यांनी दार उघडलं.

बागेत ऊन होतं. मी आत्याचा हात धरला. खरं सांगते, त्या क्षणी मी फाटकाकडे बघत होते, रिक्षा दिसते का म्हणून. सही नाही, वर नाही, काही नाही. आज ही माझ्या घरी येणार.

आत्या मात्र थांबली होती. फुलझाडांकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अहो, इथे कुठे?"

"आत्या, बघ, आपण बाहेर आलो."

"मला बाहेर जायचंय हो," ती म्हणाली.

"बाहेरच आहोत आपण!"

ढ मुलीकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. हात सोडवून घेतला आणि इमारतीला वळसा घालून भराभर मागे निघाली. मी तिच्यामागे. हिला काय दाखवायचंय? मागे काय लपवलंय या लोकांनी? मागच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीला लागून, पत्र्याची एक खोली होती. बाहेरून कडी. आत्या जवळजवळ पळतच तिथे गेली, कडी ओढली आणि दार उघडलं.

आत फावडी, कुदळी, खताची पोती आणि पाण्याची नळी. माळ्याची अडगळ.

"इथे कोणी सामान भरलं?" आत्या म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला. ती तशीच उभी राहिली, एका हाताने कडी धरून, आणि उभ्या उभ्या तिचे कपडे भिजले.

तिने खाली बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "माफ करा, साहेब. मुलांना सांगू नका."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लहानपणीचं आमचं घर मला दिसलं. घराच्या मागे, भिंतीला लागून पत्र्याचं दार, वर कडी. घरात पाहुणे बसलेले असले की आत्या कधी 'संडास' म्हणायची नाही. कोणापुढेच म्हणायची नाही. 'मी जरा बाहेर जाऊन येते' म्हणायची, बादली उचलायची आणि मागच्या दाराने जायची. प्रवासाला निघताना दादाला आणि मला दारात उभं करून ती न चुकता विचारायची, "दोघं बाहेर जाऊन आलात का? वाटेत कुठे सोय नसते." आणि आम्ही लहानपणभर तेच बोललो. मग आम्ही मोठे झालो, बाथरूम म्हणायला लागलो, वॉशरूम म्हणायला लागलो. आत्या तिथेच राहिली.

तिला पळून जायचं नव्हतं. कोणी तिला छळत नव्हतं. आणि मला ती काहीही म्हणत नव्हती. हे शेवटचं मला सगळ्यात लागलं. मी मागची खोली रिकामी करून बसले होते, आणि तिला फक्त लघवीला जायचं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावर रडले. ती माझी पाठ थोपटत राहिली, शाळेची तपासणी बिघडली तर साहेबिणीने रडायचं काय कारण, अशा बुचकळ्यात पडून.

सेविकेने तिला धुऊन, कपडे बदलून आणलं तोवर दादा आला होता. कार्यालयात टेबलावर कागद, कागदावर पेन. मी दोघांना सगळं सांगितलं. मधाळबाई आधी ऐकत होत्या, मग त्यांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

"आम्ही त्या दोन वेगळ्या तक्रारी समजत होतो," त्या म्हणाल्या. "दार वाजवतात ही एक, कपडे भिजतात ही दुसरी. आम्ही त्यांना दारातून परत आणायचो आणि मग थोड्याच वेळात... अरे देवा. आणि ती पाटी! त्या रोज पाटी वाचतात. आम्ही म्हणायचो, बघा, अजून वाचता येतं यांना."

"चांगलं वाचता येतं," मी म्हणाले. "तुमच्या पिवळ्या दारावर प्रसाधनगृह लिहिलंय. नट्टापट्टा करायला तिने तिथे कशाला जावं?" हा शब्द आमच्याच नियमांत आहे, हे मी त्या घटकेला बोलले नाही. पण संशय सोडायलाही मी तयार नव्हते. "आणि वरचा मजला मला दाखवला नाहीत तो का? पलंग रिकामे पडलेत म्हणून भरायची घाई होती ना?"

"वर एकही पलंग रिकामा नाही," मधाळबाई म्हणाल्या. गोडवा गेला होता, राहिली होती ती नुसती दमलेली बाई. "आत्यांना न्यायचं तर वरच्या कोणाला तरी दुसरीकडे पाठवावं लागणार होतं. मला काय हौस आहे? पण एक दिवस त्या दारातून निसटल्या आणि रस्त्यावर गेल्या तर? तेही तुम्ही मलाच विचारलं असतं."

विचारलं असतं. मी तोंडावर पडले होते, आणि पडल्यावर निदान गप्प बसावं एवढी अक्कल मला आहे.

दादा मात्र पेन हातात घेऊन बसला होता. मला वाटलं, नेहमीसारखं त्याला उरकायचंय. मग तो म्हणाला, "घरीसुद्धा ती हेच म्हणायची."

"काय?"

"बाहेर जायचंय. माझ्याकडे होती तेव्हा. सारखी दाराशी जायची. एकदा जिन्याने खाली उतरली, रस्त्यापर्यंत गेली. म्हणून मी कुलूप लावायला लागलो. आणि मग कुलूप लावून आईला किती दिवस ठेवणार, म्हणून..." त्याने या खोलीकडे, या सगळ्याकडे हात केला. "मी पण तिथेच वाढलोय गं. मला कसं नाही कळलं?"

या वेळी त्याने वाक्य पूर्ण केलं होतं. मला वाटलं, अर्धंच सोडलं असतं तर बरं झालं असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढी वर्षं मी त्याच्यावर संशय घेत आले, आणि माझ्याइतकंच त्यालाही काही कळलं नव्हतं.

"आधी बघू तरी," मधाळबाई म्हणाल्या. "तुमचं खरं असेल तर सहीची गरजच नाही."

आम्ही एक पुठ्ठा शोधला. जाड पेनाने, शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरांत मी 'बाहेर' लिहिलं आणि पिवळ्या दारावरच्या पाटीवर तो चिकटवला. मागच्या बाकावरच्यांपैकी एक आजोबा तेवढ्यात तिथून चालले होते. ते थांबले, वाचलं, दार ढकलून आत डोकावले.

"बाहेर लिहिलंय आणि आत संडास," ते म्हणाले. "कसला कारभार आहे हा!"

मग आम्ही आत्याला चहा दिला आणि वाट बघत बसलो. तीन मोठी माणसं, एका म्हातारीच्या मांडीवरच्या बोटांकडे टक लावून. दादाच्या हातात पेन तसंच होतं. शेवटी बोटं फिरायला लागली. आठी आली.

"माफ करा. मला जरा बाहेर जायचंय."

कोणी हललं नाही. आत्या बोळात गेली. पिवळं दार आलं. ती पुढे चालली होती, मुख्य दाराकडे. मग ती थबकली. मागे आली. पुठ्ठ्यावर बोट टेकवून तिने वाचलं, "बाहेर." अक्षर तिला पसंत पडलं असावं, कारण तिने मान डोलावली. मग दारावर टकटक केली, आत कोणी आहे का ते ऐकलं, आणि आत गेली.

दादाने पेन टेबलावर ठेवायला जावं तर टेबल तिथे नव्हतं, पेन जमिनीवर पडलं. मधाळबाईंनी डोळे पुसले आणि लगेच सेविकेला हाक मारली, उद्या रंगाऱ्याला बोलवायचंय म्हणून.

आत्या बाहेर आली ती हात धुऊन, केस सारखे करून, चेहरा मोकळा. ती पुन्हा खिडकीशी जाऊन बसली. मी तिच्यापुढे वाकले. मागच्या खोलीबद्दल मला तिला सांगायचं होतं, पण तिने ते कधी मागितलंच नव्हतं.

"निघते मी, आत्या," मी म्हणाले.

तिने वर बघितलं. मग दादाकडे. पुन्हा माझ्याकडे. तिच्या डोळ्यांतली साहेबीण कुठेतरी निघून गेली.

"निघालीस?" ती म्हणाली. "दोघं बाहेर जाऊन आलात का? वाटेत कुठे सोय नसते."

वर्षभरात तिने मला 'तुम्ही'शिवाय हाक मारली नव्हती. मला खरं तर गरज नव्हती. पण मी पर्स दादाच्या हातात दिली आणि जाऊन आले, आणि माझ्यानंतर दादा गेला.